डॅशबोर्ड हिरवागार, पण ठरवलेलं कुठंय?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलवाल्यांकडं गेलं की हल्ली काही ऑफिसांत भिंतीवर टीव्ही असतो आणि त्यावरच्या डॅशबोर्डवर गाडीसारखे काटे फिरत असतात, सेल एवढा, प्रॉडक्शन एवढं, येणं बाकी एवढं. दिसायला भारीच. पण मालकांना विचारा, यंदा ठरवलंय काय? "लोकलचा स्वस्त माल कमी करून एक्सपोर्ट वाढवायचाय की ओ." आणि त्या टीव्हीवर एक्सपोर्टचा आकडाच नसतो! टोटल सेल हिरवा, कारण लोकल माल धडाक्यात जातोय. म्हणजे ज्याच्यापासून लांब जायचं ठरवलं त्याच्याच जोरावर हिरवा दिवा लागलाय.

म्हणून डॅशबोर्ड बनवायला पॉवर बीआय हे सॉफ्टवेअर घेऊ का लुकर स्टुडिओ, हा वाद मला नंतरचा वाटतो. आधी हे ठरवा की ठरवलेलं घडतंय का हे कुठल्या चार-पाच आकड्यांवरून कळणार.

यासाठी बॅलन्स्ड स्कोअरकार्ड अजून कामाचं आहे. कॅपलन आणि नॉर्टन या मॅनेजमेंटवाल्यांनी ते १९९२ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मांडलं, की नुसता पैसा बघू नका, गिऱ्हाईक, आतलं काम आणि शिकणं-सुधारणं हेपण बघा. त्याच दोघांनी पुढं स्ट्रॅटेजी मॅप आणला, तो मला जास्त आवडतो कारण त्यात बाण असतात. टेरी टॉवेलवाल्याचा मॅप साधारण असा होईल, विणकरांना आणि जॉबरला (लूम सांभाळणारा मिस्त्री) नीट शिकवलं की कापडातले दोष कमी, दोष कमी की चेकिंगला रिजेक्शन कमी, मग शिपमेंट वेळेत, मग बायरची परत ऑर्डर, आणि पैसा सगळ्यात शेवटी. यातला प्रत्येक बाण म्हणजे आपला अंदाज आहे, खरा ठरेलच असं नाही. समजा रिजेक्शन खाली आलं, माल वेळेत गेला, तरी परत ऑर्डर येईना, तर अडचण लूमवर नाही, शेवटच्या बाणात आहे, मग रेट बघा, डिझाईन बघा, विणकरांवर ओरडून काय होणार? हे कुठल्याच स्पीडोमीटरवर दिसत नाही.

चार्टचं म्हणाल तर पाय चार्ट आणि काटे सरळ काढून टाका. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवलंय की एकाच पट्टीवरची उंची माणूस अचूक वाचतो, कोन वाचताना गडबडतो. टार्गेटशी तुलना करायला चार्टवर पुस्तकं लिहिणाऱ्या स्टीफन फ्यू यांचा बुलेट ग्राफ घ्या, एक आडवी पट्टी, टार्गेटची उभी रेघ, बास, काट्याच्या मानानं जागा पण कमी लागते. एक्सेलमध्ये तो तयार मिळत नाही, बार चार्टची थोडी जुळवाजुळव करावी लागते.

रिजेक्शनला मात्र कंट्रोल चार्टच. वॉल्टर शूहार्टनं १९२४ मध्ये अमेरिकेतल्या बेल टेलिफोनच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काढलेली युक्ती, आकडा रोज थोडा वरखाली होणारच, वरच्या-खालच्या रेघेबाहेर गेला तर खास कारण शोधा, आत असेल तर एकेका दिवसाचा जाब विचारत बसू नका. आपल्याकडं एक दिवस वाईट गेला की लगेच मिटिंग!

लाल-हिरव्या दिव्यांवरच भिस्त नको, काहींना त्या दोन रंगांतला फरक दिसत नाही, आकडा शेजारी लिहाच.

टूल? एका युनिटला एक्सेल किंवा गुगल शीट पुरतं. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, पण रिपोर्ट नीट शेअर करायचं म्हटलं की सहसा लायसन्सचा खर्च येतो. टॅलीतून सेल मिळेल, रिजेक्शन नाही मिळणार, ते चेकिंगवाल्यानं रोज भरायला लागतं आणि खरी मारामारी तिथंच आहे. शेडमध्ये पांढरा बोर्ड लावून मार्करनं ठिपका मारला तरी चालतो, आपल्याकडं बरेच लोक घरी तेलुगू बोलतात, रेघ वाचायला त्यांना मराठी लागत नाही.

महिन्यातून एकदा सगळ्यांना बसवून ते बाण तपासा. जानेवारीतली तारीख तेवढी गड्ड्याच्या (सिद्धेश्वरच्या जत्रेच्या) दिवसांत धरू नका, कोण येणार नाही.