मस्टँग जीटी, हिवाळा ते जून: इंजिनाला हात न लावता

मिशिगनच्या रस्त्यांवरचं मीठ एप्रिलच्या पावसात धुऊन गेलं आणि गाडी गॅरेजबाहेर आली. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: २०१८ ची फोर्ड मस्टँग जीटी, सहा गिअरची मॅन्युअल, परफॉर्मन्स पॅकेजवाली (म्हणजे मोठे ब्रेक आणि रुंद टायर), गडद निळी. मागच्या नोंदीनंतर सगळ्यात जास्त विचारणा झाली ती इनटेक, एक्झॉस्ट आणि ट्यूनबद्दल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवण्याच्या बदलांबद्दल. यातलं काहीही केलेलं नाही आणि यंदा करणारही नाही. ४६० हॉर्सपॉवर माझ्यासाठी भरपूर आहेत. ते सगळे मागच्या दोन टायरांतून जमिनीत उतरतात का, एवढाच प्रश्न मी हिवाळाभर सोडवत होतो.

इंजिनाबद्दल मात्र बोललंच पाहिजे, कारण मन भरत नाही. २०१५ ला मस्टँगचा हा आकार आला तेव्हा हेच ५ लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही८ ४३५ हॉर्सपॉवर देत होतं. २०१८ मध्ये सिलिंडरच्या स्लीव्ह (आतली वेगळी नळी) काढून टाकल्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भिंतींवर प्लाझ्माच्या फवाऱ्याने पोलादाचा पातळ थर चढवला. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ९२.२ मिमीवरून ९३ वर गेला, ४९५१ सीसीचे ५०३८ झाले. कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ११ वरून १२ वर नेलं आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या जोडीला पोर्ट इंजेक्शन ठेवलं. टर्बो नाही, सुपरचार्जर नाही. साडेसात हजार आरपीएमपर्यंत ते ज्या एकसंध ओढीने वर जातं, त्यासाठीच मी ही गाडी घेतली. चार हजारांच्या पुढे पिकअप संपेल असं वाटतं, तिथेच तो नव्याने सुरू होतो. तिसऱ्या गिअरमध्ये तीन हजारांपासून पॅडल दाबून धरा, मी काय म्हणतोय ते कळेल.

आता मागची बाजू. १९६४ पासून २०१४ पर्यंत मस्टँगला मागे दोन्ही चाकं जोडणारा एकसंध एक्सल होता. एसव्हीटी कोब्रा या खास मस्टँगची काही वर्षं हा अपवाद. २०१५ ला सगळ्याच मॉडेलांना स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं आणि तेही साधं नाही, इंटिग्रल लिंक पद्धतीचं. मागच्या चाकाच्या नकलला (चाक ज्यावर बसतं तो भाग) खालून एच आकाराचा रुंद आर्म धरतो आणि त्या आर्मला नकलशी जोडते एक छोटी उभी लिंक. ब्रेक मारताना किंवा जोरात निघताना नकलला पीळ बसतो, तो ही लिंक घेते. त्यामुळे बाकीचे बुश (सांध्यांतले रबर) पुढे-मागे मऊ ठेवता येतात. खड्डा आला की चाक किंचित मागे सरकतं, हादरा आत येत नाही, पण वळणात चाकाचा कोन बिघडत नाही. फार विचारपूर्वक केलेलं डिझाइन आहे हे.

हे सगळं ज्या सबफ्रेमवर, म्हणजे बॉडीखालच्या वेगळ्या सांगाड्यावर, बसतं, ती सबफ्रेम बॉडीला चार मोठ्या रबरी बुशांनी जोडलेली असते. रोजच्या वापरासाठी ते योग्यच, नाहीतर डिफरन्शियलचा (ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीचा) आवाज केबिनभर घुमला असता. पण चिकट टायर लावून पहिल्या गिअरमध्ये जोरात निघालं की पूर्ण सबफ्रेम त्या रबरावर पीळ खाते. टायर पकडतो, सुटतो, पुन्हा पकडतो. याला व्हील हॉप म्हणतात, आणि तो सुरू झाला की मागून कुणी घण घालतंय असं वाटतं. चाक फिरवणाऱ्या हाफ-शाफ्टसाठी याहून वाईट काही नाही. मागच्या हंगामात ट्रॅकवर दुसऱ्या गिअरच्या वळणातून बाहेर पडतानाही याची सुरुवात जाणवायची.

उपाय जुना आणि सर्वमान्य आहे: बुशांमधल्या पोकळ्या भरणारे अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे, म्हणजे लॉकआउट किट, आणि सबफ्रेम बरोबर मध्यावर बसवणारे डॉवेल, म्हणजे छोटे पिन. काम घरच्या गॅरेजमध्ये होतं. गाडी चार स्टँडवर घ्या, सबफ्रेमखाली जॅक लावा, आणि बोल्ट सगळे एकदम न काढता एकेका बाजूचे सैल करा. डॉवेल आधी बसवा. ते बसल्यावर दिसलं की माझी सबफ्रेम एका बाजूला किंचित सरकलेली होती. तुम्ही लॉकआउट करणार नसाल तरी डॉवेल जरूर घाला. स्वस्त आहेत, आणि चाकांच्या अलाइनमेंटचे आकडे दोन्ही बाजूंना सारखे येतात.

फरक? हॉप गेला. टायर फिरला तरी सरळ, एका लयीत फिरतो आणि पायाने सांभाळता येतो. बदल्यात हायवेच्या वेगाला डिफरन्शियलची बारीक शीळ ऐकू येते, काँक्रीटचे सांधे थोडे जास्त जाणवतात. मला ते चालतं. लांबच्या प्रवासात मागे मुलं झोपणार असतील तर दोनदा विचार करा.

ब्रेकचं काम अर्ध्या दिवसाचं. पुढे सहा पिस्टनचे कॅलिपर आणि ३८० मिमीच्या डिस्क आहेत, त्या बदलायची गरज नाही. बदलायचं ते ब्रेक ऑइल. डॉट ४ च्या ऑइलचा उकळण्याचा बिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, आणि पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. ट्रॅकवर पेडल मऊ पडतं ते बहुतेक वेळा यामुळेच. जास्त उत्कलनबिंदूचं ऑइल भरलं आणि हवा काढताना माझी मुलगी पेडलवर बसली. दाब, धर, सोड, हे तिने शेवटपर्यंत एका तालात केलं. सोबत ट्रॅकचे पॅड. आणि व्हील नट २०४ न्यूटन-मीटरला, टॉर्क रेंचनेच. गाडी थंड झाल्यावर पुन्हा एकदा तपासायचे.

पुढे कॅम्बर प्लेट बसवून कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत झुकण्याचा कोन, उणे २.४ अंशांवर नेला. मूळ सेटिंग उणे १ च्या जवळपास होतं आणि टायरची बाहेरची कडा खाल्ली जायची. साउथ हेवनच्या गिंगरमॅन ट्रॅकवर, ११ वळणांच्या फेऱ्यांनंतर टायरचं तापमान आत, मध्ये आणि बाहेर मोजलं. आता आतली कडा किंचित जास्त गरम येते, तशीच यायला हवी. सुमारे १७०० किलोची ही गाडी आधी वळणात शिरताना नाक बाहेर टाकायची. आता स्टिअरिंग वळवलं की ती वळते. यंदाच्या सगळ्या कामांत मला सर्वाधिक आनंद या एका बदलाने दिला.

डिझाइनबद्दल एक निरीक्षण. गेल्या ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझ या गाड्यांच्या मेळाव्याला माझी गाडी साठच्या दशकातल्या एका फास्टबॅक मस्टँगशेजारी उभी होती. तीन उभे टेललॅम्प, मागे उतरत जाणारं छत, लांब बॉनेट हे सारखेपण कुणालाही दिसतं. मला भावली ती मागच्या चाकावरची फुगीर रेघ. नव्या गाडीत छत खाली आणि मागची बाजू रुंद केली आहे. ती रुंदी दिखाऊ नाही, तिच्याखाली खरंच २७५ मिमी रुंदीचे टायर बसतात. बॉनेटच्या रुंदीलाही कारण आहे: चार कॅमशाफ्टचं हे ५ लिटर इंजिन शेवरोले कॅमेरोच्या ६.२ लिटर पुशरॉड (एकच कॅमशाफ्ट, तोही खाली) इंजिनापेक्षा रुंद आहे. कॅमेरो आणि डॉज चॅलेंजरची व्ही८ कूपे आता बनत नाहीत. या घराण्यात नवी मिळते ती फक्त मस्टँग, म्हणून हिची निगा राखणं मी मनापासून घेतलं आहे.

मुंबई-पुण्याच्या मित्रांसाठी: २०१६ ला भारतात आलेली ६५ लाखांची जीटी उजव्या स्टिअरिंगची, ४०१ पीएसची, सहा गिअरची ऑटोमॅटिक. मागचं सस्पेन्शन याच पद्धतीचं. तरी लॉकआउटचा आग्रह मी धरणार नाही. घाटात किंवा एक्स्प्रेसवेवर उभ्या गाडीतून तसं जोरात कुणी निघूही नये. आधी टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१६ म्हणजे २०१६ चा २३वा आठवडा. अशा गाड्या फारशा चालत नाहीत, टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक होऊन पकड गेलेली असते. त्यानंतर ब्रेक ऑइल. बाकी सगळं मागून.

पुढचं काम मागच्या टो-लिंकचं, म्हणजे चाकाचा आत-बाहेर वळण्याचा कोन (टो) धरणाऱ्या दांड्यांचं. मऊ बुशऐवजी बेअरिंगवाल्या लिंक आणून ठेवल्या आहेत, जुलैच्या ट्रॅक-डेआधी बसवेन. कुणी हे केलं असेल तर मागच्या टोचे आकडे जरूर कळवा, आधीचे आणि नंतरचे दोन्ही.