लकी बांबू: पाण्याची निगा आणि पेरावरून नवे रोप

लकी बांबू म्हणून आपण जी काडी घरी आणतो, ती ड्रॅसिना सँडेरियाना या झुडपाच्या खोडाचा तोडलेला तुकडा असते. हे झुडूप मूळचे कॅमेरून आणि काँगोच्या परिसरातील जंगलांतले असून तेथे ते उंच झाडांच्या सावलीत वाढते. गवताच्या कुळातल्या खऱ्या बांबूशी त्याचा संबंध नाही. त्याला खिडकीतून गाळून येणारा उजेड मानवतो, तर दुपारनंतरच्या थेट उन्हाने पाने करपतात. अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात ते तग धरते खरे, पण नवी पाने फिकट आणि किडकिडीत येतात, म्हणून मी ते पडदा लावलेल्या खिडकीपाशीच ठेवते.

उजेडापेक्षा अधिक लक्ष द्यावे लागते ते पाण्याकडे. मुळ्या बुडतील एवढेच पाणी बरणीत असावे, कारण काडी निम्म्याहून अधिक पाण्यात राहिली की ती कुजण्याचा धोका वाढतो. पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण बदलावे आणि त्याच वेळी बरणी आतून घासून काढावी. हे घासणे मी अतिशय महत्त्वाचे मानते. डेंग्यू पसरवणारी एडीस डासाची मादी आपली अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवते आणि ती अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. नुसते जुने पाणी ओतून नवे भरले तर ती तिथेच राहतात आणि पाणी चढताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. आपल्याकडच्या उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात, म्हणूनच आठवड्याचा नेम चुकवू नये. 2001 मध्ये चीनहून जहाजाने कॅलिफोर्नियात पोचलेल्या लकी बांबूच्या मालातील साचलेल्या पाण्यातून एडीस अल्बोपिक्टस जातीचे डास तेथे गेल्याचे आढळले होते. पावसाळ्यात पालिकेचे आरोग्य कर्मचारी घरातल्या फुलदाण्या आणि फ्रिजमागचा ट्रे पाहायला मागतात, तेव्हा त्यांना ही बरणीही आवर्जून दाखवावी. रंगीत गोटे घातले असतील तर तेही बाहेर काढून चोळून धुवावेत.

पानांची टोके तपकिरी होऊन वाळू लागली, तर बहुधा दोष पाण्यातील क्लोरीनचा, फ्लोराइडचा किंवा साठलेल्या क्षारांचा असतो. नळाचे पाणी उघड्या भांड्यात रात्रभर ठेवल्याने क्लोरीन बऱ्याच अंशी उडून जातो. फ्लोराइड मात्र तसाच राहतो. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांत जेथे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आहे, तेथे साठवलेले पावसाचे किंवा आरओचे पाणी वापरणे हाच खरा उपाय आहे. खताचे प्रमाण अगदी नाममात्र ठेवावे: पातळ खत बाटलीवर सांगितलेल्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाएवढे, आणि तेही महिना-दोन महिन्यांतून एकदाच.

नवे रोप करण्यासाठी काडीवरची पेरे नीट पाहावीत. दोन कांड्यांच्या जोडावर जे कडे दिसते, तिथूनच मुळ्या आणि फुटवे दोन्ही येतात. मूळ काडी वरून छाटलेली असल्यामुळे ती स्वतः उंच होत नाही. वाढतात ते बाजूचे फुटवे. असा एखादा वीतभर वाढलेला फुटवा स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने खोडालगत कापावा, खालची पाने काढून टाकावीत आणि किमान एक पेर बुडेल अशा बेताने तो स्वच्छ पाण्यात उभा करावा. खोडाचाच तुकडा लावायचा असेल तर त्यावर निदान दोन पेरे असावीत आणि खालची बाजू खालीच राहील, याची खूण आधीच करून ठेवावी. मूळ काडीच्या कापावर मेणबत्तीचे वितळलेले मेण लावले की ती वरून सुकत नाही आणि कापाखालच्या डोळ्यांतून पुन्हा फुटते. तीन-चार आठवड्यांनी, थंडीत त्याहून उशिरा, पेराभोवती बारीक गाठी दिसतात आणि त्यांतून केशरी-तांबूस मुळ्या उतरतात. हा रंग पाहून अनेकजण घाबरतात. वास्तविक तो निरोगी मुळ्यांचा रंग आहे. कुजलेली मुळी काळपट आणि बोटाला बुळबुळीत लागते. पिवळी पडलेली काडी पुन्हा हिरवी होत नाही, तेव्हा ती लगेच वेगळी काढावी. तिचा शेंडा अजून हिरवा आणि टणक असेल तर तो कापून वरीलप्रमाणेच लावता येतो. छाटलेले तुकडे मांजराच्या तोंडी लागू देऊ नयेत, कारण त्यांतील सॅपोनिनमुळे मांजराला उलट्या होतात.

मुळ्या बोटभर लांब झाल्या की मी रोप मातीत लावते, आणि माझ्या मते पाण्यापेक्षा मातीतच ते अधिक दमदार वाढते. कुंडीला तळाशी भोक असावे. मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडी जाड वाळू मिसळावी. पाण्यात वाढलेल्या मुळ्यांना कोरडेपणाची सवय नसते, म्हणून पहिले काही आठवडे माती सतत ओलसर ठेवावी आणि नवे पान उलगडू लागल्यावर वरचा थर सुकला की मगच पाणी घालावे.