खोका चाळीस बाय तीस बाय तीस

ऑक्टोबर २०२२. दसरा होऊन आठवडा झाला तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता. पुण्यात धायरीच्या आमच्या भाड्याच्या गाळ्यात अमेरिकेला जाणारे साठ खोके भिंतीला लावून ठेवले होते. खोके तेवढे तयार होते, फराळ व्हायचा होता. लक्ष्मीपूजन २४ तारखेला, त्यामुळे गुरुवारी, १३ तारखेला माल कुरिअरच्या ताब्यात द्यायचाच होता.

फराळाचा धंदा मुळात आईचा. मी नोकरी सोडून त्यात शिरलो आणि सगळ्यात आधी एक पांढरा फळा विकत आणला. त्यावर लिहिलं : 'तीन वर्षांत सात देश.' आईने वाचलं आणि विचारलं, "तेलाचे डबे कुठे लिहू?"

मंगळवारी सकाळी मी फळ्यासमोरच होतो. पुढच्या वर्षीच्या खोक्याला नाव काय द्यायचं, यावर डोकं चालवत होतो. तेवढ्यात पॅकिंगच्या काकू चकलीचं पाकीट घेऊन आल्या. "दादा, हे बघा. घामेजलीय."

प्लास्टिकला आतून बारीक दव धरलं होतं. पाकीट फोडून चकली मोडली. 'कट्' असा आवाज यायला हवा होता, पण ती नुसतीच वाकली, मग तुटली. आदल्या रात्री भरलेली सगळी पाकिटं तशीच. चौदा किलो.

मला पहिला संशय मोहनाचा, म्हणजे पिठात घातलेल्या गरम तेलाचा आला, कारण धंद्यातले मोठे शब्द मला तेवढेच माहीत होते. आई म्हणाली, "मोहन बरोबर आहे. जास्त झालं असतं तर चकली तेलातच विरघळली असती." मग काकूंनी हळूच फळ्याकडे बोट केलं. कढईतून घाणा निघाल्यापासून वीस मिनिटांत पाकीट सील, हे वेळापत्रक माझं. तासाला किती पाकिटं व्हायला हवीत याचा हिशोब करून मी ते उलट्या बाजूने काढलं होतं. चकली बाहेरून गार लागली तरी आत ऊब असते. ती पाकिटात कोंडली की वाफ धरते आणि चकली सादळते. त्यात ही पावसाळी हवा. काकूंना हे ठाऊक होतं. आदल्या दिवशी त्या म्हणाल्याही होत्या, "जरा वारं लागू द्या." मी म्हणालो होतो, "टार्गेट आहे, काकू."

भाजणी सहा किलो उरली होती. आईने तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, मूगडाळ नव्याने भाजायला घेतली. गिरणीवाल्याला फोन करून ज्वारीच्या आधी आमचं दळण लावायला सांगितलं. एरवी तो कोणाचंच ऐकत नाही, आईचं ऐकतो.

हे निस्तरतोय तोवर दुपारी कुरिअरचा मुलगा आला. त्याने एक भरलेला नमुना काट्यावर ठेवला : पावणेपाच किलो. मी मनात खूश. गिऱ्हाइकांकडून पाच किलोचं भाडं घेतलं होतं. मग त्याने खिशातून टेप काढला.

"चाळीस, तीस, तीस. सात पूर्णांक दोन. म्हणजे साडेसात लागणार, दादा."

"अरे, पावणेपाच भरलं की आत्ता!"

"व्हॉल्युमेट्रिक."

लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि पाच हजारांनी भागायचं. जे येईल ते आणि काट्यावरचं वजन, यात जास्त असेल ते पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत धरायचं आणि त्याचे पैसे. चिवडा हलका, पण जागा खातो. त्याहून वाईट म्हणजे चकल्या आणि लाडवांचे गोल डबे मी हौसेने निवडले होते. चौकोनी खोक्यात गोल डबे म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यात हवा, आणि त्या हवेचं विमानभाडं मी भरणार. खोक्यामागे अडीच किलो, साठ खोके, किलोला सहाशे रुपये. नव्वद हजार. सगळा नफा धरूनही एवढे पैसे नव्हते.

हे दर त्याच्या कंपनीच्या कागदावर छापलेले होते. तो कागद माझ्याकडे ऑगस्टपासून होता. मी फक्त किलोचा दर वाचला होता.

काकूंनी डबे बाजूला काढले. लाडू चपट्या ट्रेमध्ये तळाला बसवले, चिवड्याची पाकिटं हवा काढून आडवी केली, करंज्या आणि शंकरपाळे मधे भरले आणि चकल्या सगळ्यात वर. खोका बावीस सेंटिमीटरला भरला. वरचे आठ रिकामे. मी कटर घेतला, चारही कोपरे आठ सेंटिमीटर खाली चिरले, कडा आत दुमडल्या आणि टेप मारली. पाच पूर्णांक अठ्ठावीस, म्हणजे साडेपाच. अर्ध्या किलोचा फटका माझ्या खिशातून, अठरा हजार.

पहिला खोका कापायला मला दहा मिनिटं लागली, साठावा दोन मिनिटांत झाला. रात्री साडेअकरा वाजले. उजव्या अंगठ्याला फोड आला होता. पलीकडे नव्या घाण्याच्या चकल्या कागदावर पसरून वर दोन टेबलफॅन लावले होते. पाकिटं दुसऱ्या दिवशी दुपारी भरली. वेळापत्रक कोणी पुसलं माहीत नाही, त्या जागी 'तेल ३ डबे, मैदा १० किलो' लिहिलेलं होतं.

सादळलेल्या चकल्या आम्ही आणि शेजारच्या गाळेवाल्यांनी पुढचे पंधरा दिवस चहाबरोबर खाल्ल्या. वाईट नव्हत्या.

वसुबारसेला न्यू जर्सीहून एका गिऱ्हाइकाचा मेसेज आला : 'चकली एकदम कुरकुरीत! पण खोका वरून कोणी कापलाय का? कस्टमवाल्यांनी उघडला असेल तर तक्रार करा.'

आईने विचारलं, "काय म्हणतायत?"

"चकली आवडली म्हणे."