परदेशातली यॉट मुंबईत आणताना: भाड्याची बिलं, कस्टम्स आणि डोलकाठीची बांधाबांध

परदेशात यॉट विकायला असते तेव्हा जाहिरातीतली किंमत पाहून मंडळी हरखून जातात. पण खर्चाचा मोठा भाग नंतर कस्टम्समध्ये ठरतो. तिथे नुसती बोटीची किंमत धरत नाहीत. बोट इथल्या बंदरात पोचेपर्यंतचं भाडं आणि विमाही त्यात मिळवतात. म्हणून कराचं काम सीएचएकडे (कस्टम्सची कागदपत्रं करणाऱ्या एजंटकडे) आणि वाहतुकीचं काम शिपिंग एजंटकडे सोपवून मोकळं होऊ नका. दोघांना सुरुवातीलाच एकत्र बसवा.

हौसेच्या यॉट कस्टम्सच्या ८९०३ या शीर्षकाखाली येतात. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर त्यांवर मूळ सीमाशुल्क २० टक्के आणि कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर ७.५ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. हा आयजीएसटी शुल्क मिळवून झालेल्या रकमेवर लागतो. १०० रुपयांवर आधी २७.५० रुपये, मग १२७.५० च्या ४० टक्के म्हणजे ५१ रुपये, एकूण ७८.५० रुपये. आधी २८ टक्के आयजीएसटी आणि ३ टक्के भरपाई उपकर होता, तेव्हा हाच आकडा ६७ च्या आसपास यायचा. जुन्या लेखांमधले हिशेब म्हणूनच चालत नाहीत.

समजा बोट १ कोटीची, भाडं १६ लाख, विमा १ लाख. कस्टम्ससाठी किंमत झाली १ कोटी १७ लाख आणि कर ९१ लाख ८४ हजार ५०० रुपये. आता भाड्याचा आणि विम्याचा पुरावा हाती नाही असं धरा. मूल्यांकन नियमांप्रमाणे मग भाडं बोटीच्या किमतीच्या २० टक्के आणि विमा १.१२५ टक्के धरतात. कर जातो ९५ लाखांच्या वर. दोन कागद नाहीत म्हणून सव्वातीन लाख गेले. बोट कॅप्टन ठेवून स्वतःच्या बळावर आणली, तरी हाच धोका असतो: डिझेल, कॅप्टनचा पगार, वाटेतल्या बंदरांचे आकार यांची बिलं नसतील तर आकडा अंदाजाने ठरतो.

भाड्यात वाचवलेला एक रुपया खरं तर पावणेदोन रुपयांहून जास्त असतो, आणि वाढलेला रुपयाही तसाच महागात पडतो. जहाजावरचं भाडं बहुतेक वेळा घनमीटरवर ठरतं, आणि मोजतात ते सगळ्यात बाहेर आलेल्या टोकापासून. १२ मीटर लांब, ३.९ रुंद आणि कीलपासून (बोटीच्या तळाखालच्या कण्यापासून) डेकपर्यंत ४.२ मीटर उंच बोटीचं माप साधारण १९७ घनमीटर होतं. पुढे लोंबणारा नांगर आणि मागचे डेव्हिट (छोटी होडी टांगायचे हात) यांनी लांबी १३ मीटर केली की तेच माप २१३ होतं. चार बोल्ट काढून नांगर आत ठेवायला अर्धा तास लागतो. तेवढ्यात १६ घनमीटरचं भाडं आणि त्यावरचा कर वाचतो.

शिडं शिवून घेणं, नवा रंग, नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ही कामं तिकडे करून आणायचा मोह आवरा. इथे होण्यासारखं काम इथेच करून घ्या. तिकडे खर्च करायचाच तर तो प्रवासात बोट सुरक्षित राहावी यासाठी करा. बोटीची किंमत कमी दाखवणारं बिल मात्र कधीही बनवून घेऊ नका. तशाच बोटींच्या जाहिराती कस्टम्सलाही दिसतात.

जुनी बोट असेल तर आणखी एक पायरी आहे आणि ती बऱ्याच जणांना उशिरा कळते. परकीय व्यापार धोरणात भांडवली वस्तू सोडून इतर जुना माल ‘रिस्ट्रिक्टेड’ आहे, म्हणजे डीजीएफटीची (परकीय व्यापार महासंचालनालयाची) परवानगी लागते. हौसेची यॉट भांडवली वस्तू ठरेल हे गृहीत धरू नका. परवानगी हातात येण्याआधी बोट जहाजावर चढली तर जप्ती, ती सोडवण्याचा दंड आणि रोज वाढणारं गोदी भाडं या तिन्हींना तोंड द्यावं लागतं. विक्रीचा करार, बांधणीचं प्रमाणपत्र, हल नंबर (बोटीच्या कवचाचा क्रमांक), इंजिनांचे नंबर आणि जुन्या देशाच्या नोंदणीतून नाव काढल्याचा दाखला एकमेकांशी अक्षर न् अक्षर जुळायला हवेत. इंजिन मध्ये कधी बदललं असेल तर त्याचं बिल शोधून ठेवा.

बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टम्सकडे द्यायचा तपशील) जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल करायचं असतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५ हजार, पुढे रोज १० हजार रुपये. शुल्काचा दर मात्र बिल दाखल झाल्याचा दिवस किंवा जहाजाला ‘एंट्री इनवर्ड’ (माल उतरवायची कस्टम्सची मंजुरी) मिळाल्याचा दिवस, यांतला जो नंतरचा त्याचा लागतो. भाड्याने चालवण्यासाठी बोट आणणाऱ्या व्यावसायिकाला आयजीएसटीचं क्रेडिट मिळू शकतं. हौशी मालकाला ते पूर्ण ४० टक्के खिशातूनच भरावे लागतात.

आता वाहतूक. लहान बोट ४० फुटी कंटेनरमध्ये जाते, पण त्याचं दार जेमतेम २.३४ मीटर रुंद असतं. त्याहून रुंद बोट फ्लॅट रॅकवर (छत आणि बाजू नसलेल्या कंटेनरवर) किंवा मालवाहू जहाजाच्या डेकवर येते. फ्लॅट रॅकवरून न्हावा शेवाला उतरवलीत तर पुढे रस्ता आहे, आणि २.६ मीटरपेक्षा रुंद माल म्हटला की ओडीसीची (अवाढव्य मापाच्या मालाची) परवानगी आली. कीलवाली शिडाची बोट ट्रेलरवर चढली की विजेच्या तारा आणि पुलांखालची उंची याच मोठ्या अडचणी होतात. आमचं स्पष्ट मत असं: जहाजाच्या स्वतःच्या क्रेनने बोट थेट पाण्यात उतरवता येत असेल, तर भाडं थोडं जास्त पडलं तरी तेच घ्या.

क्रॅडल, म्हणजे बोट बसवायचा आधार, शक्यतो लोखंडी करा. लाकडी असेल तर लाकडावर आयएसपीएम १५ चा (कीड मारण्याची प्रक्रिया केल्याचा) शिक्का हवा. बिनशिक्क्याच्या चार फळ्यांपायी बोट क्वारंटाइनमध्ये अडकते. क्रेनवाल्याला माहितीपत्रकातलं वजन सांगू नका. १० मिलिमीटरची ६० मीटर साखळीच सव्वाशे किलोंच्या वर भरते, आणि ती त्या आकड्यात नसते. पाण्याच्या टाक्या रिकाम्या करा, डिझेल तळाशी ठेवा, गॅसची टाकी उतरवा, बॅटऱ्यांच्या तारा सोडा. पट्टे कुठे घालायचे ते हलच्या दोन्ही बाजूंना टेपने ठळक दाखवा. पट्टा प्रोपेलर शाफ्टवर किंवा स्पीड लॉगवर (वेग मोजणाऱ्या यंत्रावर) बसला तर नुकसान उतरवल्यानंतरच कळतं.

डोलकाठी काढण्याआधी प्रत्येक बॉटलस्क्रूवर (तारा ताणायच्या स्क्रूवर) किती आटे दिसतात ते मोजून टेपवर लिहा आणि फोटो काढा. स्प्रेडर (डोलकाठीचे आडवे दांडे) उतरवा, वरचं वाऱ्याचं यंत्र काढा, तारा काठीला दर मीटरभर बांधा, आणि तार ॲल्युमिनियमला घासेल तिथे जुन्या गालिच्याचा तुकडा घाला. बोटीवर ताडपत्री नको: डेकवर ती आठवडे फडफडत राहते आणि जेलकोट (बोटीचा वरचा चकचकीत थर) घासून मंद करते.

विमा घेताना ‘डेकवरचा माल’ असं लिहून घ्या. बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या मालपावतीवर) माल डेकवर असल्याचा शेरा असला की जहाज कंपनीची जबाबदारी बरीच कमी होते, आणि यॉटचा नेहमीचा विमा दुसऱ्या जहाजावरच्या प्रवासाला बहुधा लागू नसतो. जनरल ॲव्हरेजही त्यात हवा. म्हणजे संकटात जहाज वाचवण्याचा खर्च सगळ्या मालमालकांत वाटला जातो, तुमच्या बोटीला ओरखडा आलेला नसला तरी.

निघण्याआधी एकेक कप्पा उघडून बघा. इरिडियम किंवा थुराया सॅटेलाइट फोन असेल तर तिकडेच ठेवा. भारतात परवानगीशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे, आणि परदेशी यॉटवर तो बऱ्याचदा असतो. ड्रोनच्या आयातीवर २०२२ पासून बंदी आहे. धोक्याच्या वेळचे फ्लेअर स्फोटक म्हणून धोकादायक मालात मोडतात, तेही उतरवा. व्हीएचएफ रेडिओचा परवाना आणि एमएमएसआय (बोटीचा रेडिओ ओळख क्रमांक) इथला घ्यावा लागतो, आणि इपर्ब (संकटात सिग्नल देणारं यंत्र) नव्या नंबराने पुन्हा प्रोग्राम करून घ्यावं लागतं.

तारीख पावसाळा सांभाळून ठरवा. मेअखेर मुंबईतल्या बोटी पाण्याबाहेर निघू लागतात. त्या वेळी आलेल्या बोटीला जागा मिळत नाही. डिसेंबर ते मार्च सगळ्यात बरा. उधाणाला इथे चार मीटरहून जास्त पाणी चढतं-उतरतं, म्हणून उतरवण्याची वेळ भरतीच्या तक्त्यावर ठरवा, क्रेनच्या सोयीवर नव्हे.

बोट पाण्याला टेकली की पट्टे लगेच सोडायचे नाहीत. ते सैल ठेवून एका माणसाला आत पाठवा. त्याने फळ्या उचलून बिल्ज (बोटीचा सगळ्यात खालचा भाग) बघायचं, प्रत्येक सीकॉकवरून (तळाच्या पाण्याच्या झडपेवरून) हात फिरवायचा आणि शाफ्टचा सील दाबून अडकलेली हवा काढायची, थोडं पाणी येईपर्यंत. हवा राहिली तर इंजिन सुरू करताच तो सील कोरडा जळतो. दहा मिनिटं आत कोरडं राहिलं, की मग क्रेनवाल्याला हात करायचा.