फोमचे मुकुट, गदा आणि गिऱ्हाईक : माझा अनुभव

मी इंदूरला राहते आणि मुलांच्या नाटकाला, फॅन्सी ड्रेसला लागणारे मुकुट, गदा, ढाल-तलवारी घरीच बनवून विकते. बऱ्याच जणी विचारतात सामान काय लागतं आणि खपतं का, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

थर्माकोल मी घेतच नाही, चुरा पडतो आणि वरून सोनेरी स्प्रे मारला की तो विरघळून खड्डे पडतात. मी वापरते ईव्हीए फोम, चपलेच्या सोलला असतो ना तसाच पण शीटमध्ये. मुकुटाला पातळ, गदेला १० मिमीचा. कटरचं ब्लेड नवंच हवं, बोथट ब्लेडने कड फाटल्यासारखी होते आणि मग ती कशानेच लपत नाही. कापून झालं की हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) फिरवायची, फोमची छिद्रं मिटतात, हलकी चमक येते, ती आली की लगेच थांबायचं आणि गरम असतानाच गोल वाकवून धरायचं, गार झाल्यावर आकार तसाच राहतो. चिकटवायला फेव्हिकॉल एसआर, दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्यायचं आणि मगच जोडायचं, एकदा जोडलं की सरकत नाही म्हणून आधी पेनाने खुणा करायच्या. हे काम खिडक्या उघडून किंवा गच्चीवरच करा, वास फार उग्र असतो. रंगाआधी पांढऱ्या फेव्हिकॉलमध्ये पाणी घालून दोन-तीन हात द्या, नाहीतर फोम रंग पिऊन टाकतो.

विकणं मात्र बनवण्याहून अवघड. गिऱ्हाईक मुकुट हातात घेतं आणि पहिलं वाक्य, "दीदी, राजवाड़े पर तो डेढ़ सौ में मिल रहा है." राजवाडा म्हणजे इथला बाजार, तिथे मिळतोच, पण पुठ्ठ्याचा. मी वाद घालत नाही, पोराच्या डोक्यावर माझा मुकुट ठेवते आणि म्हणते, जोरात मान हलव बघू. टोचत नाही, पडत नाही, मग पुढचं बोलणं आपोआप होतं. भाव चारशे, त्यात अर्ध्याहून जास्त मजुरी, आणि ती मी कमी करत नाही, अख्खी संध्याकाळ जाते हो एका मुकुटात!

सगळ्यात जास्त मागणी आहे ती अहिल्याबाईंच्या हातातल्या पिंडीला. २०२५ मध्ये ३०० वी जयंती झाली तेव्हापासून तर फारच. प्लास्टरची पिंड जड, केजीतली मुलगी दोन ओळी म्हणेपर्यंत हात खाली येतो. मी फोमच्या चकत्या एकावर एक चिकटवून सँडपेपरने घासते आणि काळा रंग देते, हातात घेतली तर वजनच लागत नाही.

शाळांची ऑर्डर आली की अर्धे पैसे आधी घ्या, एका ठिकाणचं पेमेंट यायला गॅदरिंग होऊन परीक्षा आल्या. ऑनलाइनचं म्हणाल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना जीएसटी नंबर नसला तरी पॅनवर एनरोलमेंट नंबर काढून आपल्या राज्यापुरतं पोर्टलवर विकता येतं. मी तेच केलंय, उज्जैन, देवासला पार्सलं जातात. गदा मात्र दांडा वेगळा करूनच पाठवते, खोका छोटा होतो आणि कुरिअरचे पैसे वाचतात.