आजीचे वाल आणि माझा फ्रीझर

आजी गेली त्या पावसाळ्यात गावच्या घरातून मी एकच गोष्ट उचलून आणली, तिच्या मडक्यातले मूठभर कडवे वाल. आजी बी राखेत घालून ठेवायची, मडक्याचं तोंड शेणामातीने लिंपायची, आणि मी शहाणी, ती राख झटकली, वाल झिपलॉकमध्ये भरले आणि ठाण्याला आल्या आल्या फ्रीझरमध्ये टाकले. बियांची बँक अशीच तर असते ना, थंडगार!

भातकापणी झाल्यावर, म्हणजे वालाच्या टायमाला, कुंड्यांत पेरले. एकही उगवला नाही. उकरून बघितलं तर सगळे मऊ पडलेले, वास मारत होते.

मग रात्री बसून वाचत गेले तेव्हा कळलं की मी उलटं केलं होतं. बियाणं बँकेत थंडी नंतर येते, आधी सुकवणं. साधारण 15 अंशांच्या कोरड्या खोलीत बी हळूहळू वाळवतात, आतला ओलावा 3 ते 7 टक्क्यांवर आणतात, मग अॅल्युमिनियम फॉइलच्या पाकिटात हवाबंद करून उणे 18 ला ठेवतात. ढोबळ हिशोब असा की ओलावा 1 टक्क्याने उतरला की बियाचं आयुष्य जवळपास दुप्पट, तापमान 5 अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. माझ्या वालांत भर श्रावणाची ओल, त्या पाण्याचा बर्फ झाला आणि आतल्या पेशी फाटल्या. आजीची राख ओल शोषत होती, आणि तीच मी झटकून टाकली 🤦‍♀️

(आंबा, फणस, नारळ यांचं तर वेगळंच, त्यांचं बी सुकवलं की मरतं. त्यांची बँक म्हणजे जिवंत झाडांची बागच लागते.)

रडवेली होऊन आत्याला फोन केला तर ती हसायलाच लागली. "अगं, माझ्याकडे आहेत की. लग्न झालं तेव्हा आईने ओटीत बांधून दिलेले, दरवर्षी पेरते मी. एकाच घरात बी ठेवतं का कोण? उंदराने खाल्लं म्हणजे?"

नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये डोंगराच्या पोटात 2008 साली जे कोठार उघडलं ते याच उंदरासाठी. जगभरच्या बँका आपल्या बियांची दुसरी प्रत तिथे ठेवतात, आपल्या लॉकरसारखं, पेटी ज्याची त्यानेच उघडायची. सीरियात अलेप्पोजवळ इकार्डा नावाच्या संस्थेची मोठी बँक होती, गहू, जव, मसूर, हरभरा असलं कोरडवाहू बी. युद्धात तिथे काम करणं अशक्य झालं आणि 2015 ला त्यांनी स्वालबार्डमधल्या आपल्या पेट्या परत मागितल्या, त्या कोठारातून बी बाहेर काढायची ती पहिलीच वेळ. लेबनॉन आणि मोरोक्कोत ते पेरलं, वाढवलं, आणि 2017 ला नवीन बी पुन्हा स्वालबार्डला नेऊन ठेवलं. मला तर हे वाचून आत्याच आठवली, आईकडचं मडकं फुटलं तरी लेकीकडे आहे.

आणि नुसतं ठेवूनही भागत नाही. बँकवाले ठराविक वर्षांनी थोडं बी उगवून बघतात, उगवण घसरली की शेतात लावून ताजं बी धरतात. आपल्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंची बँक (2020 च्या पद्मश्री यादीत होत्या त्या) तर चालतेच अशी की बी न्या, पेरा आणि नेलं त्याच्या दुप्पट परत आणून द्या. वाल-घेवड्याची कितीतरी वाणं आहेत त्यांच्याकडे. खरं सांगू का, मला बर्फातल्या कोठारापेक्षा ही पद्धत जास्त आवडते, कारण बी दरवर्षी ऊन-पाऊस बघतं, पण दोन वर्षं ओळीने पीक गेलं तर काय, म्हणून कोठारही हवंच.

आत्याने अर्धा किलो वाल पाठवले. यंदा 9 लावले, 7 उगवले, लगेच तिला फोटो पाठवला. कौतुक वगैरे काही नाही, रिप्लाय आला, "पाणी किती घालतेस गं! वाल दवावर होतो."