मग सोमवार का धरत नाहीस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. श्रावण लागला की गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या घरी हे कुणीतरी म्हणतंच: "जास्त खाण्याचा आजार आहे ना तुला? मग सोमवार धर की. देवाचंही होईल, पोटही आवरेल."

पोट आवरत नाही, उलट सुटतं. बिंज ईटिंग डिसऑर्डरमध्ये, म्हणजे ताबा सुटून खात सुटण्याच्या माझ्या या आजारात, दिवसभर पोट मारलं की रात्रीच्या खाण्याच्या झटक्याची तयारी आपणच करून ठेवतो. झटका आला की लाज, लाजेपोटी दुसऱ्या दिवशी आणखी कडक उपास, आणि रात्री पुन्हा तेच.

हा खादाडपणा नव्हे. गणेशचवथीला चार पातोळ्या जास्त कोण खात नाही? पण त्या पंगतीत, गप्पा मारत. माझं सगळे निजल्यावर. नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा ओढणीत धरून उघडायचा, झाकण वाजता कामा नये. ओट्याशी उभ्या उभ्या, तोंडातली गिळायच्या आत दुसरी हातात. भूक नसते, दोन-तीन नेवऱ्यांनंतर गोडही लागत नाही. पोटात दुखू लागतं तरी हात थांबत नाही. मग सांडलेलं सारण पुसायचं आणि उरलेल्या नेवऱ्या सैल रचून डबा भरलेला दाखवायचा.

असं आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने होत असेल तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. बुलिमिया नावाच्या दुसऱ्या आजारासारखं खाल्लेलं ओकून टाकणं यात नसतं. अमेरिकेतल्या अल्बर्ट स्टंकर्ड यांनी १९५९ मध्येच याचं वर्णन केलं होतं. स्वतंत्र निदान म्हणून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत ते आलं २०१३ मध्ये. वजन, साखर, प्रेशर वाढू शकतं; नैराश्यही बरोबर येतं. अंगानं बारीक माणसालाही हा आजार असू शकतो, म्हणून वजनकाट्याची साक्ष काढू नका.

उपचार म्हणजे विचार-वर्तनाची थेरपी, कधी औषध. माझ्या थेरपीतला पहिला धडा वेळेवर खाण्याचा: तीन जेवणं, मध्ये थोडंथोडं, तीन-चार तासांहून जास्त खंड नाही. आईला ते अजून अर्धंच पटलंय. रात्री डबा फस्त करणाऱ्या मुलीला सकाळी पातळ भाजी आणि दोन उंडे पाव वाढायचे? वाढते मात्र.

सोमवारी घरात शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण, असतंच. ते मी दोन्ही वेळा जेवते आणि मंगेशीच्या देवळात जाऊन येते. तुमच्याकडे कुणाचं असं चालू असेल तर बांबोळीला आयपीएचबी या मानसोपचाराच्या सरकारी इस्पितळात ओपीडी आहे, टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही आहे. आणि चवथीला आलात तर माझ्या ताटाकडे बघून "बस झालं" म्हणू नका.